फौजदारी निकालपत्र कसे वाचावे: ‘सिद्ध झाले नाही’ याचा नेमका अर्थ

फौजदारी खटल्याचा निकाल लागला की वर्तमानपत्रात एक ठरावीक वाक्य छापून येते: ‘सबळ पुराव्याअभावी आरोपीची निर्दोष मुक्तता.’ ते वाचून फिर्यादीच्या घरचे समजतात की न्यायालयाने आपल्याला खोटे ठरवले, आणि आरोपीच्या गल्लीतले म्हणतात की वकील चांगला मिळाला म्हणून सुटला. चाळीस-पन्नास पानांचे निकालपत्र यांपैकी कोणीच उघडलेले नसते. फौजदारी वकिली करताना माझ्यापुढे असे निकालपत्र घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाला मी वाचायला लागण्यापूर्वी एवढेच सांगतो की ‘त्याने हे केले का’ या प्रश्नाचे उत्तर या कागदात शोधू नये; ‘त्याने हे केले असे सरकार पक्षाने दाखवून दिले का’ या प्रश्नाचे शोधावे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवून वाचले तर निकालपत्रातील बहुतेक परिच्छेद आपोआप उलगडतात. पुढील विवेचन भारतातील फौजदारी न्यायालयांपुरते आहे.

सुरुवात कोठून करावी

पहिल्या पानापासून सरळ वाचत जाऊ नये. आधी दोषारोप कोणत्या कलमाखाली ठेवला होता ते पाहावे आणि मग थेट ‘मुद्दे’ आणि ‘निष्कर्ष’ अशा दोन रकान्यांच्या तक्त्यावर जावे. निकालपत्रात निर्णयासाठी उपस्थित होणारे मुद्दे, त्यांवरील निर्णय आणि त्याची कारणे असली पाहिजेत, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९३ सांगते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३५४ होते. खुनाच्या खटल्यात हा तक्ता साधारणपणे असा असतो: ‘मयताचा मृत्यू हा मनुष्यवध होता, हे सरकार पक्षाने सिद्ध केले आहे काय?’ आणि समोर ‘होय’. ‘सदर मनुष्यवध आरोपीने केला, हे सरकार पक्षाने सिद्ध केले आहे काय?’ आणि समोर ‘नाही’.

या दोन ओळी वाचल्या तरी पुष्कळ गैरसमज दूर होतात. खून झाला हे न्यायालयाने मान्य केले आहे. तो या माणसाने केला हे मात्र शाबीत झालेले नाही. दोन्ही प्रश्नांमधील ‘सरकार पक्षाने’ हा शब्द औपचारिक भर म्हणून आलेला नाही. ‘आरोपीने आपण निर्दोष असल्याचे सिद्ध केले आहे काय’ असा मुद्दा सर्वसाधारण खटल्यात काढलेला आढळणार नाही, कारण तो काढताच येत नाही. जो पक्ष एखादी वस्तुस्थिती आहे असे सांगून न्यायालयाचा निर्णय मागतो त्यानेच ती सिद्ध करावी, असा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०४ चा नियम आहे, आणि त्याखालचे पहिलेच उदाहरण गुन्ह्याचे आहे: अमुक माणसाला शिक्षा करा असे म्हणणाऱ्याने त्या माणसाने गुन्हा केल्याचे दाखवावे. हा अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्यापूर्वी १८७२ चा भारतीय पुरावा कायदा होता आणि तेथे हाच नियम कलम १०१ मध्ये होता. जुन्या खटल्यांच्या निकालपत्रांत जुनेच क्रमांक सापडतील, तेव्हा क्रमांकापाशी अडू नये.

निर्दोषत्वाचे गृहीतक हे याच नियमाचे दुसरे अंग आहे. दोषी ठरेपर्यंत आरोपीला निर्दोष मानावे, असे आपल्या राज्यघटनेत एका वाक्यात लिहिलेले नाही. न्यायालयांनी ते जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी, म्हणजे अनुच्छेद २१ शी जोडून वाचले आहे. मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या अनुच्छेद ११ मध्ये ते स्पष्ट शब्दांत आहे. इंग्लंडचे तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३५ मध्ये वूल्मिंग्टन खटल्यात या तत्त्वाला फौजदारी कायद्याच्या जाळ्यातून सर्वत्र दिसणारा सोन्याचा धागा म्हटले. बंदुकीच्या गोळीने पत्नीचा मृत्यू झाला होता, आणि गोळी अपघाताने सुटली हे नवऱ्यानेच सिद्ध करावे, असे खालच्या न्यायालयात ज्यूरीला सांगितले गेले होते. ते चुकीचे ठरून दोषसिद्धी रद्द झाली. हा निर्णय आपल्याकडील निकालपत्रांतही वारंवार उद्धृत होतो, त्यामुळे नाव ओळखीचे असलेले बरे.

सिद्ध, असिद्ध आणि ‘सिद्ध न झालेले’

साक्ष अधिनियमाच्या कलम २ मध्ये एकाऐवजी तीन व्याख्या आहेत, आणि माझ्या मते सर्वसामान्य वाचकाने संपूर्ण कायद्यातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ती ही उचलावी. समोर आलेल्या बाबींचा विचार करून न्यायालयाला एखादी वस्तुस्थिती आहे अशी खात्री वाटते, किंवा ती असणे इतके संभवनीय वाटते की त्या परिस्थितीत कोणत्याही शहाण्या माणसाने ती आहे असे धरून वागावे, तेव्हा ती सिद्ध झाली. ती नाही अशी तितकीच खात्री वाटते तेव्हा ती असिद्ध, म्हणजे खोटी ठरली. आणि यांपैकी काहीच झाले नाही, तर ती ‘सिद्ध झालेली नाही’.

बहुतेक निर्दोष मुक्तता या तिसऱ्या घरात बसतात. साक्षीदार खोटे बोलला असे न्यायालयाने म्हटलेले नसते, आरोपीने काही केलेच नाही असेही म्हटलेले नसते. समोर आलेल्या सामग्रीवर पाऊल टाकण्याइतकी जमीन भक्कम नाही, एवढेच म्हटलेले असते. हे तिसरे घर आरोपीच्या बाजूला मोजायचे, हीच निर्दोषत्वाच्या गृहीतकाची सगळी करामत आहे. ते गृहीतक नसते तर ‘सिद्ध झाले नाही’ या उत्तरापुढे न्यायाधीशाला काय करावे हे कळलेच नसते.

आता ‘वाजवी संशयापलीकडे’ या शब्दप्रयोगाकडे वळू. पुराव्याच्या मूळ व्याख्येत तो नाही. तो न्यायालयांच्या निर्णयांतून रुळला. गंमत अशी की अमली पदार्थविषयक कायद्याचे कलम ३५ आणि बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविषयीच्या पॉक्सो कायद्याचे कलम ३० यांत तो छापील स्वरूपात आहे, पण तेथे तो आरोपीने काही सिद्ध करण्याच्या संदर्भात आलेला आहे. त्याची टक्केवारी न्यायालये सांगत नाहीत, आणि कोणी ‘नव्वद टक्के खात्री’ असे लिहिले असेल तर ते त्याचे स्वतःचे गणित समजावे. व्यवहारात कसोटी अशी लावावी की संशय मनात आला, एवढे पुरेसे नाही. तो कोठून आला हे अभिलेखातील एखाद्या साक्षीवर, कागदावर किंवा साक्षीतील पोकळीवर बोट ठेवून सांगता आले पाहिजे. इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी १९४७ मध्ये मिलर प्रकरणात म्हटले की संशयाची सावलीही उरू नये एवढा पुरावा कायदा मागत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे प्रकरणात दोन्ही टोके एकाच निर्णयात मांडली आहेत: आरोपी दोषी ‘असू शकतो’ आणि दोषी ‘असलाच पाहिजे’ यांतील अंतर मोठे आहे, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात बजावले, आणि संशयाच्या फायद्याची अवाजवी भक्ती करून प्रत्येक किरकोळ शंकेवर आरोपी सोडू नयेत, असेही त्याच लेखणीने लिहिले. वकील आपल्या सोयीचे वाक्य उचलतात. वाचकाने दोन्ही वाचावीत.

साक्षीदारांचा भाग वाचताना

निकालपत्राचा सर्वांत मोठा भाग साक्षींच्या चर्चेने व्यापलेला असतो आणि नवखा वाचक येथेच कंटाळतो. येथे साक्षीदारांची संख्या मोजत बसू नये. कोणतीही वस्तुस्थिती सिद्ध करण्यासाठी अमुक इतकेच साक्षीदार हवेत असे बंधन नाही, असे साक्ष अधिनियमाचे कलम १३९ सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये वडिवेलू थेवर प्रकरणात साक्षीदारांचे तीन वर्ग केले: संपूर्ण विश्वासार्ह, संपूर्ण अविश्वासार्ह, आणि मधला, म्हणजे ना पुरता विश्वासार्ह ना पुरता टाकाऊ. पहिल्या वर्गातील एकट्याच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते. दुसऱ्या वर्गातील कितीही आणले तरी उपयोग नाही. तिसऱ्या वर्गातील साक्षीदाराला मात्र दुसऱ्या कशाचा तरी दुजोरा लागतो. निकालपत्र वाचताना पेन्सिल घेऊन प्रत्येक साक्षीदारापुढे यांपैकी एक आकडा मांडावा. खरा खटला बहुतेक वेळा तिसऱ्या वर्गातील साक्षीदारांवर लढला जातो.

साक्षीदार मधल्या वर्गात कसा घसरतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. रात्री साडेदहाच्या सुमारास एका शेतवस्तीवर खून होतो. शेजारच्या वस्तीवरील इसम सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, सांगतो, ‘मी आरोपीला हातात कोयता घेऊन मयताच्या घरातून पळताना पाहिले.’ उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाकडून त्याला विचारले जाते:

‘तुम्ही घटनेच्या तिसऱ्या दिवशी पोलिसांना जबाब दिला, हे खरे आहे?’
‘खरे आहे.’
‘त्या जबाबात तुम्ही आरोपीच्या हातात कोयता होता असे सांगितले होते?’
‘सांगितले होते.’
‘मग ते जबाबात का लिहिलेले नाही, याचे काही कारण सांगू शकता?’
‘पोलिसांनी का लिहिले नाही ते मी सांगू शकत नाही.’

हे शेवटचे वाक्य मी साक्षीच्या कागदांत इतक्या वेळा वाचले आहे की पुढचा प्रश्न न वाचताही सांगता येतो. यालाच कोर्टाच्या बोलीत ‘ओमिशन’ म्हणतात. पुढे तपासी अंमलदाराला विचारले जाते की साक्षीदाराने कोयत्याचे सांगितले होते का, आणि तो ‘नाही’ म्हणाला की ती वगळ शाबीत होते. आता वाचकाने पाहायचे ते हे: वगळलेली गोष्ट किरकोळ आहे की खटल्याच्या मुळाशी जाते? आरोपीच्या शर्टाचा रंग जबाबात नसणे वेगळे आणि हातातले शस्त्रच नसणे वेगळे. पहिल्या गोष्टीवर कोणी सुटत नाही. दुसरी गोष्ट त्या साक्षीदाराला दुजोऱ्याच्या रांगेत उभी करते. साक्षीदार एका बाबतीत खोटा ठरला म्हणून त्याची सगळीच साक्ष फेकावी, हा नियम आपल्याकडे लागू नाही. भुसा आणि दाणा वेगळा करणे हे न्यायाधीशाचे काम असते आणि ते त्याने कोणत्या परिच्छेदात केले हे शोधणे वाचकाचे.

‘साक्षीदार फितूर झाला म्हणून खटला पडला’ असे सर्रास म्हटले जाते, पण फितूर घोषित झालेल्या साक्षीदाराची साक्ष आपोआप पुसली जात नाही. तिच्यातील विश्वसनीय भाग न्यायालय वापरू शकते. तेव्हा साक्षीदार फितूर झाल्यावर त्याच्याकडून उरले काय, आणि ते न्यायालयाने घेतले की नाही, हे पाहावे. तो पोलिसांसमोर काय बोलला होता हे मात्र पुरावा म्हणून वाचता येत नाही. पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब मुख्यतः साक्षीदाराचे न्यायालयातील बोलणे खोडून काढण्यासाठी वापरायचा असतो, आणि वर्तमानपत्रांतून तपासाच्या काळात वाचलेली निम्मीअधिक माहिती निकालपत्रात का सापडत नाही याचे हे एक मोठे कारण आहे.

निवेदन पंचनाम्याचे कोडे

सर्वांत जास्त गैरसमज ज्या कागदाभोवती असतात तो म्हणजे निवेदन पंचनामा. आरोपीने कोठडीत पंचांसमोर सांगितले, ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारले तो मी ओढ्याकाठच्या दगडाखाली लपवून ठेवला आहे, चला दाखवतो’, आणि कोयता निघाला. लोकांच्या दृष्टीने येथे खटला संपतो. कायद्याच्या दृष्टीने येथून फार थोडे सिद्ध होते. पोलिसांपुढील कबुली वाचताच येत नाही. तिला साक्ष अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या अपवादात), म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७ मध्ये, एक अरुंद फट आहे: ज्या माहितीमुळे प्रत्यक्ष शोध लागला तेवढीच माहिती वाचता येते. पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, ही फट किती रुंद ते ठरवून दिले आणि आजही तोच निर्णय प्रमाण आहे. त्यानुसार वरच्या वाक्यातील ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारले’ हे शब्द कात्रीने कापून टाकावे लागतात. उरते ते एवढेच, की त्या दगडाखाली कोयता आहे हे आरोपीला ठाऊक होते.

त्यानंतर तो कोयता गुन्ह्याशी जोडायचा असतो. रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात ‘मानवी रक्त आढळले, रक्तगट निश्चित करता आला नाही’ असे असेल, तर कोयता आणि मयत यांच्यातील दुवा लटकाच राहतो. पंच उलटतपासणीत म्हणाला की सह्या पोलीस ठाण्यातच घेतल्या, किंवा जागा कोणालाही जाता-येता दिसणारी उघडी होती, किंवा मुद्देमालाला सील केल्याचा उल्लेखच नाही, तर दुवा आणखी सैल होतो. निकालपत्रात या परिच्छेदापाशी थांबून स्वतःला विचारावे: कबुलीचे शब्द मी विसरलो, तर माझ्या हातात काय राहते?

परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी

प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसेल तर संपूर्ण खटला परिस्थितीवर उभा असतो, आणि अशा जवळजवळ प्रत्येक निकालपत्रात १९८४ चा एक निर्णय आढळेल: शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पुण्यातील एका विवाहितेचा १९८२ मध्ये सायनाइडने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. त्या निर्णयात परिस्थितीजन्य पुराव्याची जी पाच सूत्रे सांगितली त्यांना न्यायालयाने स्वतःच ‘पंचशील’ म्हटले आहे. ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा ती आधी स्वतः पूर्णपणे सिद्ध झाली पाहिजे; सिद्ध झालेल्या गोष्टी आरोपीच्या दोषाशीच जुळल्या पाहिजेत; त्या निर्णायक स्वरूपाच्या असल्या पाहिजेत; दोषाखेरीज दुसरी प्रत्येक शक्यता त्यांनी वगळली पाहिजे; आणि साखळी इतकी पुरी असली पाहिजे की आरोपीच्या निर्दोषत्वाशी सुसंगत असा निष्कर्ष काढायला वाजवी जागा उरू नये.

यांतील पहिले सूत्र सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच सर्वांत सहज विसरले जाते. दुवा जोडायच्या आधी दुवा तयार हवा. ‘मयत आणि आरोपी शेवटचे एकत्र दिसले’ हा दुवा घ्यायचा तर ते पाहणारा साक्षीदार वर सांगितलेल्या पहिल्या वर्गात बसतो का, हे आधी ठरले पाहिजे, आणि एकत्र दिसणे आणि प्रेत सापडणे यांमधील वेळ इतकी थोडी हवी की मध्ये तिसरा कोणी येण्याची शक्यता राहू नये. चार डळमळीत दुव्यांची बेरीज एक भक्कम दुवा होत नाही. सारडा प्रकरणात मयत विवाहितेने लिहिलेल्या पत्रांतून तिची मनःस्थिती दिसत होती आणि आत्महत्येची शक्यता पूर्णपणे पुसली गेली नाही; विष आरोपीच्या ताब्यात होते हेही दाखवले गेले नाही. विषप्रयोगाच्या खटल्यात हेतू, विषानेच झालेला मृत्यू, विष आरोपीकडे असणे आणि ते देण्याची संधी अशा चार गोष्टी लागतात, असे तेथेच सांगितले आहे.

व्यवहारात मी एक साधी युक्ती सुचवतो. कागदाच्या डाव्या बाजूला सरकार पक्षाने मांडलेल्या परिस्थिती एकाखाली एक लिहाव्यात: हेतू, शेवटचे एकत्र दिसणे, फरार होणे, वस्तू मिळणे, रक्ताचे डाग. उजव्या बाजूला प्रत्येकीपुढे दोन खुणा कराव्यात, ती स्वतः सिद्ध झाली का, आणि तिला दुसरे निरुपद्रवी स्पष्टीकरण आहे का. फरार होण्यापुढे दुसरी खूण जवळपास नेहमीच ‘आहे’ अशी पडते, कारण निरपराध माणूसही पोलिसांना घाबरून घर सोडतो. पुराव्यावरून दोन तर्क सारखेच शक्य असतील तर आरोपीला अनुकूल तर्क स्वीकारावा, हे काली राम प्रकरणात १९७३ मध्ये सांगितलेले सूत्र या तक्त्यालाच लागू होते, मनात सुचणाऱ्या कोणत्याही दोन तर्कांना नव्हे.

आरोपीने काहीच बोलायचे नसते का

अनुच्छेद २० (३) नुसार कोणावरही स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. न्यायालय पुराव्यातील प्रतिकूल गोष्टी आरोपीपुढे ठेवून खुलासा विचारते, पूर्वीच्या कलम ३१३ खाली आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली. आरोपी शपथेवर नसतो, गप्प बसला किंवा खोटे उत्तर दिले तरी त्यासाठी शिक्षा होत नाही. खोटा बचाव सरकार पक्षाच्या साखळीतील हरवलेला दुवा भरून काढू शकत नाही. साखळी मुळात पुरी असेल तरच तो जादा दुवा म्हणून मोजता येतो. निकालपत्रात ‘आरोपीने समाधानकारक खुलासा केला नाही’ असे वाक्य दिसले की ते कोणत्या पानावर आले आहे हे पाहावे. बाकीचे दुवे तपासून झाल्यावर आले असेल तर ठीक. सुरुवातीलाच आले असेल तर अपिलात तेच पान उघडले जाईल.

तरीही काही ठिकाणी भार आरोपीकडे झुकतो, आणि तो किती झुकतो हे बारकाईने वाचावे लागते. खाजगी बचावाचा हक्क किंवा मनोविकृती असा अपवाद सांगायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ नुसार तो आरोपीने दाखवायचा असतो. पण त्याचे माप हलके आहे. दिवाणी दाव्याप्रमाणे शक्यतांचे पारडे आपल्याकडे झुकवले तरी पुरते, आणि त्याने दिलेल्या पुराव्यामुळे मूळ गुन्ह्याच्या हेतूविषयीच वाजवी संशय आला तर तेवढ्यावरही तो सुटतो, असे दह्याभाई छगनभाई ठक्कर प्रकरणात १९६४ मध्ये स्पष्ट झाले. चारभिंतींच्या आत मृत्यू झाला असेल आणि घरात आरोपीच असेल, तर काय घडले हे त्यालाच विशेष माहीत असल्याने खुलासा त्याच्याकडे मागता येतो. महाराष्ट्रातील त्रिमुख मारोती किरकन प्रकरणात २००६ मध्ये हे ठसवले गेले. पण तेथेही तो त्या वेळी घरात होता, हे आधी सरकार पक्षालाच दाखवावे लागते.

धनादेश न वटल्याच्या खटल्यांत तो धनादेश देणे फेडण्यासाठीच दिला होता हे गृहीतक आरोपीविरुद्ध असते आणि ते शक्यतांच्या पारड्याने खोडता येते. अमली पदार्थ आणि पॉक्सो कायद्यांत उलटा भार अधिक जड आहे. पण नूर आगा प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमली पदार्थांबाबत सांगितले की माल आरोपीच्या ताब्यात होता यांसारखी पायाभूत वस्तुस्थिती सरकार पक्षाने आधी सिद्ध केली, तरच पुढचे गृहीतक जागे होते. म्हणून अशा निकालपत्रात गृहीतकाचे कलम दिसताच पान मागे उलटावे आणि पायाभूत वस्तुस्थितीची चर्चा कोठे आहे ते शोधावे. ती चर्चा दोन ओळींत उरकली असेल तर निकालाची कमकुवत जागा बहुधा तेथेच असते.

एकाच खटल्यात वेगवेगळी मापे

‘उच्च न्यायालयाने प्रथमदर्शनी पुरावा आहे म्हटले होते, मग सुटला कसा?’ हा प्रश्न नेहमी येतो. दोषारोप ठेवताना न्यायालय फक्त प्रबळ संशय आहे का हे पाहते. साक्षीदाराची उलटतपासणी तेव्हा झालेलीच नसते. जामिनाच्या वेळचे मतप्रदर्शन खटल्याच्या निकालावर बंधनकारक नसते, आणि बहुतेक जामीन आदेशांत तसे वाक्यही असते. वाजवी संशयापलीकडची कसोटी फक्त अंतिम निकालाला लागते. नोकरीतील खातेनिहाय चौकशी पुन्हा शक्यतांच्या पारड्यावर चालते, म्हणून फौजदारी न्यायालयातून सुटलेला कर्मचारी बडतर्फ राहू शकतो. ‘सन्मानपूर्वक मुक्तता’ हा शब्द फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने समुथिरम प्रकरणात नमूद केले आहे. तरी नोकरीच्या वादांत तो निर्णायक ठरतो, त्यामुळे ज्याची नोकरी टांगणीला लागली आहे त्याने ‘संशयाचा फायदा’ हे शब्द नेमके कोणत्या मुद्द्याच्या संदर्भात आले आहेत ते अवश्य तपासावे. संपूर्ण पुरावा पाहून आरोप खोटा वाटल्याचे न्यायालयाने म्हटले असेल तर ते वेगळे, आणि दोन्ही पंच फितूर झाल्याने संशयाचा फायदा दिला असेल तर ते वेगळे.

अपील करावे की नाही

निर्दोष मुक्ततेविरुद्ध पीडित व्यक्तीला अपिलाचा हक्क आहे. तो ३१ डिसेंबर २००९ पासून कायद्यात आला आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये आहे. मात्र वरच्या न्यायालयापुढे आरोपीची बाजू दुप्पट बळकट असते: मुळातले निर्दोषत्वाचे गृहीतक होतेच, त्यात खालच्या न्यायालयाच्या निकालाची भर पडते. चंद्रप्पा प्रकरणात २००७ मध्ये हे सूत्ररूपाने मांडले गेले. वरच्या न्यायालयाला पुरावा नव्याने तोलण्याचा पूर्ण अधिकार असतो, पण खालच्या न्यायालयाचा दृष्टिकोन वाजवीपणे शक्य असेल तर केवळ दुसरा दृष्टिकोनही शक्य आहे म्हणून ढवळाढवळ होत नाही. तेव्हा अपिलाचा विचार करणाऱ्याने ‘मला हे पटत नाही’ यापुढे जाऊन, न्यायाधीशाने कोणता पुरावा वाचलाच नाही किंवा चुकीचा वाचला, हे निशाणी क्रमांकासह (न्यायालयाने त्या पुराव्याला दिलेल्या क्रमांकासह) लिहून काढावे. तसे एकही स्थळ सापडले नाही तर अपिलात फारसा दम नाही, असे मी पक्षकाराला तोंडावर सांगतो, आणि ते ऐकायला कोणालाच आवडत नाही.

दोषसिद्धीविरुद्धची मुदत कडक आहे: उच्च न्यायालयात साधारणपणे ६० दिवस, फाशीच्या शिक्षेविरुद्ध तसेच सत्र न्यायालयात ३० दिवस. निकालाची प्रमाणित प्रत मिळण्यात गेलेला काळ यातून वजा होतो, म्हणून प्रतीसाठीचा अर्ज निकालाच्याच दिवशी द्यावा आणि त्यावरील तारखांचे शिक्के जपून ठेवावेत. कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत विनामूल्य मिळते.

शेवटी ‘आदेश’ या शीर्षकाखालचे अर्धे पान. सुटलेल्या आरोपीलाही वरच्या न्यायालयात हजर राहण्यासाठी सहा महिन्यांचा जामीनबंध लिहून द्यावा लागतो, हे वाचून घरचे घाबरतात; तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८१ नुसार नेहमीचा भाग आहे आणि त्यावरून निकालाविषयी काही अर्थ काढू नये. मुद्देमाल अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा की मालकाला परत द्यावा, हेही तेथेच लिहिलेले असते. घरातील मोबाइल किंवा दुचाकी जप्तीत अडकली असेल तर ती सोडवण्याचा अर्ज त्या ओळीचा क्रमांक टाकून करावा.